सातव्या खोक्यापासून पुढे

४ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुझ्या बाटल्यांचं बिल मी लावणार नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा नुसता हिशेब ऐक. काच घरचीच. ती भाजायला भट्टी रात्रभर एकट्या तुझ्यासाठी पेटती ठेवली, त्यापायी औषधवाल्याचा माल लांबला, आणि त्याने मला फोनवर जे ऐकवलं ते टाइप करायला आमची टायपिस्ट तयार नाही. पॅकिंगच्या बायकांना हातमोजे घालायला लावले, तर त्यांनी दिवसभर मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हाका मारल्या. बाटल्यांची तोंडं झाकायला मामीच्या स्वयंपाकघरातला चमकी कागद उचलला, म्हणून ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. तर एकूण खर्च: एक गिऱ्हाईक, थोडी अब्रू आणि तीन दिवसांची शांतता. शांतता खर्चात धरायची की जमेत, हे अजून ठरत नाही.

प्रत्येक बाटली मी स्वतः नखाने वाजवून पाहिली आहे. तडा डोळ्याला दिसायच्या आधी माझ्या कानाला कळतो, हे तुझ्या आजोबांनाही मान्य करावं लागलं होतं, आणि त्यांनी माझ्यातलं दुसरं काहीच मान्य केलं नाही. तुमच्या मोहिमेच्या प्रमुख, त्या मोठ्या बाई, नेहमीच्या कंपनीचा माल घ्या म्हणत होत्या ना? त्यांना सांग, मामाची बाटली फुटेल, पण गळणार नाही.

आता एवढं कळव की समुद्राचं पाणी भरायला एवढं सोवळं कशाला? मासे त्यात काय करतात ते जगजाहीर आहे.

तुझा मामा

*

१९ ऑक्टोबर

मामा,

जहाजाच्या ई-मेलवर तुझं पत्र मिळालं. आधी मामीला नवीन चमकी कागद आणून दे.

सोवळ्याचं सांगते. चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, पण रंग आणि कडूपणा कपात उतरलेला असतो, तो गाळणीला सापडत नाही. समुद्रात जगून मेलेल्या बारीकसारीक जिवांचा असाच अर्क पाण्यात उतरतो. त्याला आम्ही विरघळलेला सेंद्रिय कार्बन म्हणतो. सगळ्या समुद्रातला एकत्र केला तर हवेतल्या कार्बनच्या जवळपास भरेल. त्यातला जो इथल्या, ध्रुवाजवळच्या गार, जड पाण्याबरोबर तळाला जातो तो शेकडो-हजारो वर्षं वर येत नाही. म्हणजे तेवढा हवेत जायचा वाचला. किती जातो, हेच मोजायला आम्ही आलोय.

पण एका बाटलीत तो इतका थोडा असतो की त्याच्यापुढे माणूस म्हणजे चालता-बोलता उकिरडा. तोंडाला क्रीम नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही. माझ्या डोक्याचा झाडू झालाय. जहाजाच्या धुराड्याचा धूर आमच्याकडे वळला तरी काम थांबवतो.

पाणी काढणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी पाणके म्हणते, आता सगळेच म्हणतात. पोलादी दोराला नळ्यांचा पिंजरा बांधून ते तो खाली सोडतात आणि हव्या त्या खोलीवर नळ्यांची तोंडं बंद करतात. जहाजावर सगळ्यात वयस्कर, पत्त्यांत सर्रास लबाडी करतात, आणि पकडलं की ‘चष्मा खालच्या खोलीत राहिला’ म्हणतात. गुडघे कामातून गेलेत. बर्फाच्या कडेला पोचल्यावर डेकवरची थंडी त्यांना झेपेना, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना आत माझ्या हाताखाली बाटल्या भरायला दिलंय.

आता खरी बातमी. खोल पाण्यातल्या कार्बनचा आकडा, एकक राहू दे, जगात कुठेही जा, चाळीसच्या आगेमागे येतो. वाटेत आम्हालाही तोच आला. बर्फाची कड लागली आणि त्रेसष्ट. परवा सहासष्ट. म्हणजे इथून तळाला जाणारा कार्बन सगळे समजत होते त्याच्या दीडपट आहे. मामा, हे आजवर कुणालाच दिसलेलं नाही. माझ्या मशीनवर दिसलं.

ठमी

*

२३ ऑक्टोबर

ठमे,

माझ्या बाटलीत दिसलं, असंही लिहायला हरकत नव्हती.

तुझं पत्र मी न्हाव्याला वाचून दाखवलं, बँकेच्या मॅनेजरला दाखवलं, आणि औषधवाल्याला तर दोनदा. तो म्हणाला, सहासष्ट म्हणजे कमी की जास्त? मी म्हटलं, तुझ्या अकलेपेक्षा जास्त. कारखान्याच्या फाटकावर पाटी लावली आहे: ‘खोल समुद्राचा नवा आकडा, आमच्या बाटलीतून.’ पाटीवाल्याने मासाही काढून दिला. तो जरा बदकासारखा दिसतो, पण पैसे परत घ्यावेत इतका नाही.

मामीला काळजी ही की पुस्तकात एक आकडा छापलेला असताना पोरगी दुसरा सांगते, तर तिला कुणी बोलेल का. मी सांगितलं, आता पुस्तक बदलावं लागेल. भंगारातल्या बाटल्या धुणाऱ्या पोराची काच आणि त्याच्या भाचीचं डोकं, या दोघांनी मिळून पुस्तक बदललं असं लिहितील.

तेल लावू नकोस, पण टोपी घाल.

मामा

*

९ नोव्हेंबर

मामा,

पाटी उतरव. कुणी विचारलं तर रंगाचं काम आहे म्हण.

मोठ्या बाईंचा सुरुवातीपासूनच विश्वास नव्हता. त्या म्हणाल्या, समुद्र इतका एकदम बदलत नाही, माणसं बदलतात. मग त्या सगळ्या नोंदी पसरून बसल्या. तुझ्या बाटल्यांच्या सहाव्या खोक्यापर्यंतचे आकडे स्वच्छ. सातव्या खोक्यापासून पुढे प्रत्येक बाटली चढी. वरच्या पाण्याची असो की तळाची, साधारण तेवढीच चढी. समुद्राचा गुण असता तर असा सगळीकडे सारखा उतरला नसता. कुणाची तरी घाण उतरत होती.

सातवं खोकं उघडलं त्याच दिवशी पाणके डेकवरून आत आले होते. आणि मामा, त्यांच्या खिशात बामची डबी होती. मी स्वतः पाहिली. जेवणाच्या टेबलावर सगळे असताना मी ती काढून दाखवायला लावली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझा शोध गेला होता आणि समोर डबी होती. ते फक्त म्हणाले,

“बाम मी गुडघ्याला लावतो, बाटलीला नाही. आणि हात धुवून मोजे घालतो. तुम्ही बघता रोज.”

मी म्हटलं, मी बघत नव्हते, मी विश्वास ठेवत होते. टेबलावर कुणीतरी ‘वा’ म्हणालं.

मोठ्या बाईंनी त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारला आणि गेल्या आठवड्यात बंदर लागलं तेव्हा त्यांना उतरवलं.  जाताना ते पत्त्यांचा कॅट खलाशांकडे ठेवून गेले.

ठमी

*

११ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

पत्र मिळालं. पाटी काढली. इकडे सगळं ठीक आहे. मामीचा खोकला बरा आहे. औषधवाला परत आला, दर पाडून मागतो. हवा बरी आहे.

सातव्या खोक्यापासून, असं तू लिहिलं आहेस. सातवं धरून, की सातव्याच्या पुढचं?

त्या पाणक्यांचं घर कुठे आहे, ते तुला माहीत आहे का?

जेवत जा.

मामा

(टायपिस्टकडून: ताई, साहेब आज पत्र सांगता सांगता तीनदा उठून बाहेर गेले. तब्येत ठीक आहे म्हणतात. तुम्ही विचारा.)

*

१४ नोव्हेंबर

मामा,

सातवं धरून. पण आता त्याचं काय?

तुझा बेत मला कळला. तू त्यांच्या घरी जाऊन त्यांना झापणार. लहानपणी माझी सायकल पाडणाऱ्या मुलाच्या घरी गेला होतास तसा. तसलं काही करू नकोस. पत्ता खाली दिलाय तो केवळ तू टायपिस्टला छळशील म्हणून.

त्यांना जी शिक्षा व्हायची ती झाली. तो शेरा असलेल्या माणसाला कुठलंच संशोधनाचं जहाज आता घेणार नाही. इथले खलाशी सांगतात, त्यांना अजून एक फेरी करायची होती. पैशांसाठी नव्हे, म्हणे. शेवटच्या फेरीवरून परतताना कप्तान माणसाला शिडीपर्यंत सोडायला येतो, तेवढ्यासाठी. मला ऐकून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बाम काही खिशातून जात नाही.

तुझी तब्येत कशी आहे? खरं सांग.

ठमी

*

२० नोव्हेंबर

ठमे,

हे पत्र मी एका बोटाने स्वतः टाइप करतो आहे. चुका असतील. टायपिस्टला आज सुट्टी दिली आहे, ती का दिली हे तिलाही कळलेलं नाही.

झाकणाच्या आत जी पांढरी कडक चकती असते, ती तू सांगितलीस तीच पाहिजे, असं तू तीनदा बजावलं होतंस. आठवतं? मी मान डोलावली होती. सहा खोकी तशीच भरली. सातवं भरताना एक बाटली पाणी घालून उलटी ठेवून बघितली, माझी जुनी सवय. सकाळी खाली एवढासा ओलावा होता. नखाएवढा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

माझ्या काचेवर माझं नाव कोरलेलं नसतं, पण मला ते दिसतं. भाची जगाच्या टोकाला जाणार आणि तिथे मामाची बाटली पाझरणार, हे मला सोसलं नाही. म्हणून सातव्यापासून पुढे सगळ्या झाकणांतली ती कडक चकती काढली आणि आमची मऊ रबराची बसवली. औषधवाल्याला देतो ती, सगळ्यात चांगली. एक थेंब गळत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू वाद घातला असतास, आणि वादात तू जिंकतेस.

पुढचं लिहायला बोट उचलत नाही. रबर काळं होतं, तांबडं होतं, पांढरंही होतं. मी पांढरं निवडलं. तुझ्या नजरेला येऊ नये म्हणून.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. इथल्या कॉलेजातल्या रसायनाच्या मास्तरांना भेटून, माझं नाव न घेता, विचारलं की रबरात कार्बन असतो का. ते हसले. म्हणाले, रबरात दुसरं असतं काय? मग तू नमुना टिकावा म्हणून पाण्यात आम्लाचे थेंब टाकतेस ते सांगितलं, तर ते म्हणाले, मग तर बघायलाच नको, आम्लात रबर आणखी उतरतं.

म्हणजे त्या माणसाचा बाम निर्दोष होता आणि दोष माझ्या प्रेमात होता, असं मी लिहिणार होतो. ते वाक्य चांगलं आहे, म्हणूनच खोडलं. प्रेम नव्हतं. ऐट होती. आणि मागच्या पत्रात मी तुला मामीचा खोकला कळवत बसलो.

तू आता मोठ्या बाईंना सांग. माझं नाव घालून सांग.

मामा

*

२९ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. उरलेल्या बाटल्यांपैकी एकीचं झाकण उघडून नखाने दाबलं. मऊ होतं. इतके दिवस मोज्यांतून मला ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी भांडण थांबलं, कारण मनात तुझ्या शेजारी आणखी एक आरोपी उभी राहिली: मी. ते तुला सांगायलाच हवं, कारण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी प्रत्येक खोक्यातल्या दोन-दोन बाटल्यांत शुद्ध पाणी भरून, काही दिवस ठेवून, तपासायचं असतं. नियमच आहे तो. तसं केलं असतं तर सातवं खोकं बंदरावरच पकडलं गेलं असतं. मी पहिलं खोकं तपासलं. इतकं स्वच्छ आलं की मशीन बिघडलंय असं वाटलं. मग बाकीच्या खोक्यांपुढे ‘तपासले’ अशी खूण केली. वेळ होता, मामा. पण तुझ्या बाटल्या तपासायच्या म्हणजे तुलाच तपासल्यासारखं झालं असतं. मोठ्या बाईंशी भांडून मी तुझा माल घ्यायला लावला होता, ‘घरचा आहे’ म्हणून. घरचा आहे म्हणून सोडून दिलं, आणि परक्याच्या खिशातली डबी मात्र सगळ्यांसमोर काढायला लावली.

काल बाईंच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुझ्या नावासकट आणि माझ्याही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि विचारलं, “तुम्ही त्यांना टेबलावर बोललात तेव्हा मीही गप्प बसले. त्याचं काय करू या?” मग पाणक्यांचा शेरा रद्द करायचं पत्र कार्यालयाला पाठवलं. माझं मशीनवरचं काम काढलंय. पहिल्या सहा खोक्यांतल्या रिकाम्या झालेल्या बाटल्या धुवायच्या, इथल्या छोट्या भट्टीत भाजायच्या, त्यांचीच कडक चकतीची झाकणं आम्लात धुऊन परत लावायची, आणि बर्फाखालचं पाणी पुन्हा भरायचं.

तर झालं एकदाचं. शेरा गेला. इतरांना अजून काही कळलेलं नाही. जेवताना कुणी विचारत नाही आणि मीही विषय काढत नाही. जास्त बोलून काय उपयोग?

ठमी

*

६ डिसेंबर

ठमे,

जाऊन आलो. तुझं पत्र मिळायच्या आधीच निघालो होतो, वाटेत फोनवर मामीने वाचून दाखवलं. तिने तुझी बाजू घेतली आणि माझीही घेतली. मला ती कुठल्या बाजूला आहे ते अजून कळलेलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. त्या गुडघ्यांचा माणूस रोज तो जिना कसा चढतो, हा विचार मला दुसऱ्या मजल्यावर आला, आणि परत फिरायचाही तिथेच आला. दार त्यांनीच उघडलं. मी कोण ते सांगितलं. ‘बाटलीवाले?’ म्हणाले. मी हो म्हटलं. रबराचं सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, कारण आत या असं ते म्हणाले नाहीत. शेवटी म्हटलं, माफी मागायला आलोय.

“आणलीत ना? मग ती तिथे पायपुसण्यावर ठेवा,” ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, कोण आहे. ते म्हणाले, कुणी नाही, विक्रीवाला. मी आयुष्यभर दारोदार माल विकला, ठमे, दारं तोंडावर आपटून घेतली, कधी लाजलो नाही. काल लाजलो.

तू बाईंच्या केबिनमध्ये दार लावून खरं सांगितलंस आणि शेरा रद्द झाला, हे मी सांगितलं. म्हटलं आनंद होईल. ते म्हणाले, कार्यालयाचं पत्र आलंय, वाचलं. मग मला विचारलं, त्या मुलीने मला डबी काढायला लावली तेव्हा टेबलावर किती लोक होते, ठाऊक आहे? मी म्हटलं, नाही. “मला आहे. मी एकेकाचं तोंड बघत होतो, कुणीतरी काही बोलेल म्हणून. आणि खरं सांगितलं ते केबिनमध्ये, दार लावून. कागदावर मी स्वच्छ झालो हो. त्या टेबलावर मी अजून बामवाला चोर आहे.”

एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, लावलं. मी जिना उतरायला लागलो तर वरून आवाज आला, कठड्याला धरून उतरा, पायरी तुटकी आहे.

मला सल्ला द्यायचा अधिकार उरलेला नाही. पण तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की जास्त बोलून काय उपयोग. उपयोग कुणाला, ते मी बघून आलो.

मामा

*

१३ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र आलं त्याच रात्री जेवताना बोलायचं ठरवलं, आणि बोलले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाकी आजारी होता, दुसऱ्या दिवशी वारा फार होता. कारणं सापडत जातात. तिसऱ्या रात्री मोठ्या बाईंनी ताटावरून मान वर करून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

उभी राहिले. जहाज हलत होतं, टेबलाला धरून उभी राहिले. रबराचं सांगितलं, तपासणीच्या खोट्या खुणांचं सांगितलं, आणि म्हटलं की पाणके रोज हात धुवून मोजे घालत होते, मी बघत होते. तेव्हा म्हटलं होतं बघत नव्हते, ते खोटं होतं. रोज बघत होते.

 ज्याने त्या दिवशी ‘वा’ म्हटलं होतं तो पाण्याचा जग उचलून ज्याचा त्याचा पेला भरत सुटला, भरलेले होते तेही. मग एका खलाशाने पत्त्यांचा कॅट आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. अजून तिथेच आहे. कुणी खेळत नाही, कुणी उचलत नाही.

मोठ्या बाईंनीही उभं राहून, आपण गप्प बसलो होतो हे सांगितलं. त्यांनी पाणक्यांना पत्र लिहिलंय, टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. पुढच्या फेरीला येता का, असंही विचारलंय. उत्तर आलं. एक ओळ: ‘विचार करतो, गुडघे काय म्हणतात बघतो.’ माझ्या पत्राला उत्तर नाही. येईल असंही वाटत नाही, आणि मागायचं तोंडही मला नाही.

तू त्या दारात उभा होतास हे वाचलं तेव्हा मला तुझा इतका राग आला आणि इतकी कणव आली की दोन्ही वेगळं करता येईना. परत आल्यावर भेटू, पण लगेच नको. आधी मामीला भेटेन.

भाजलेल्या बाटल्यांत बर्फाखालच्या खोल पाण्याचे नमुने पुन्हा भरले. मोजणी आता दुसऱ्याकडे आहे, मी फक्त झाकणं लावते. पहिला निकाल दुपारी आला, संध्याकाळी खात्रीसाठी पुन्हा मोजला. बेचाळीस. तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात छापलेला आहे तोच.

ठमी